वाकळांची खोली

बोरबनच्या शाळेपुढं त्या दिवशी चपला काढायलाही जागा उरली नव्हती. उसाच्या फडातली माणसं कोयते बांधाला टेकवून तशीच आली होती. पलूसच्या बाजाराला निघालेल्या बाया वडापची जीप सोडून शाळेकडं वळल्या होत्या. नव्या खोलीच्या दाराला आंब्याचा डहाळा, उंबऱ्यावर कापलेलं लिंबू, आणि आत फळ्याखालच्या गादीवर, भगव्या कफनीत, शब्दनाथ महाराज. आत दुसरं कुणी नव्हतं. सगळ्या गावानं दारातून आणि खिडक्यांतून बघायचं, असा त्यांचा हुकूम होता.

महाराजांनी हात वर केला. गलका थांबला. मग त्यांनी एकच टाळी वाजवली.

टाळी संपली, पण आवाज संपला नाही. या भिंतीवरून त्या भिंतीवर तो तडतडत राहिला, रिकाम्या पिंपात मूठभर शेंगदाणे टाकावेत तसा. खिडकीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले.

"मी टाळी एक वाजवली," महाराज म्हणाले. "बाकीच्या कुणी वाजवल्या?"

माणसं खिडक्यांतून आणखी आत वाकली.

"सुलाबाईनं," महाराज म्हणाले.

सुलाबाईनं या शाळेत जन्मभर खिचडी शिजवली होती. जुनी कौलारू खोली पाडली त्याच साली ती गेली, आणि तिच्या चुलीच्या जागेवरच ही नवी खोली उठली. तिचं नाव निघताच खिडकीत कुणीतरी हुंदका दिला. गावातल्या निम्म्या पोरांना तिनं भरवलं होतं.

"शब्द मरत न्हाई, मायबाप. शब्द म्हंजी नाद, नाद म्हंजी ब्रह्म, आन ब्रह्म म्हंजी... ते आसू दे, तुमाला झेपायचं न्हाई. अमेरिकेचे सायंटिस मशीन घिऊन माज्याकडं आलते. मशीनच बंद पडलं. म्हणलं, गड्या, तुजं मशीन करंटवर चालतंय, माजं साधनंवर."

सरपंच जोतीराम हात जोडून दारात उभे होते. "मग उपाय काय, महाराज?"

"वाकळा," महाराज म्हणाले. "घरटी एक वाकळ. पर कुटलीबी चालायची न्हाई. घरातल्या गेलेल्या बाईच्या लुगड्यांची पायजे. गेलेल्या बायांनीच गेलेल्या बाईला पोटाशी धरायचं असतंय."

या भागात बाई गेली की तिची लुगडी फेकत नाहीत. लेकी-सुना बसून त्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवतात. पुढं कितीतरी वर्षं ती घरातल्या पोरांच्या अंगावर असते. अशी वाकळ नाही असं घर बोरबनमध्ये नव्हतं. दुपार टळायच्या आत चारी भिंतींना दोऱ्या बांधून झाल्या आणि त्यांच्यावर वाकळा लागल्या, एकीवर एक, दोनदोन पदरी. छताच्या पंख्याच्या आकड्यांनाही बांधल्या. चकचकीत खोली आतून एखाद्या मोठ्या बिछान्यासारखी दिसायला लागली.

त्यातली एक, दारात उभ्या असलेल्या क्रांतीच्या आईची होती. हिरव्या इरकली लुगड्याची, आणि कोपऱ्यात क्रांतीच्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा. तो आईनंच जपून ठेवला होता. ती गेल्यावर क्रांतीनं तो त्या वाकळेला लावला होता.

आता महाराजांनी सगळ्यांना आत घेतलं आणि पुन्हा टाळी वाजवली.

टाळी वाजली आणि तिथंच विरली. पुढं काही नाही. इतकी शांतता क्रांतीनं त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. शेजारच्या बाईच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा वेगळा, स्वच्छ येत होता. माणसं एकमेकांकडं बघत राहिली. जोतीरामांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"आता पोर आणा," महाराज म्हणाले.

ज्यासाठी क्रांती सकाळपासून उपाशी उभी होती तो हा क्षण होता.

क्रांतीची लेक शिवांजली चौथीत होती. जुन्या खोलीत असताना ती वर्गात पहिली. नव्या खोलीत वर्ग आला आणि महिना-दोन महिन्यांत पोरीचं काहीतरी बिघडलं. पुस्तक घडाघडा वाचायची, पण शुद्धलेखन घातलं की वही कोरी. प्रश्न विचारला की बाईंच्या तोंडाकडं बघत बसायची. पोरं तिला दगड म्हणायला लागली होती. तान्ही असताना तिचा उजवा कान वाहायचा, अजूनही थंडीत वाहायचा. पण ते तर निम्म्या गावातल्या पोरांचं होतं. क्रांतीची सासू मनुबाई म्हणाली, सुलाबाईचा या पोरीवर लय जीव होता, तिनंच हिचे कान धरल्यात.

महाराजांनी शिवांजलीला दाराजवळ, पाठ फिरवून बसवलं. तिच्या दोन्ही कानांत बाटलीतल्या काळपट तेलाचे थेंब सोडले. ते गादीवर परत गेले आणि साध्या आवाजात, जराही न ओरडता म्हणाले, "पोरी, तुजं नाव काय गं?"

"शिवांजली."

"आन बाचं?"

"सूरज. मिलिट्रीत हायती."

खोलीतून असा आवाज उठला की जणू सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. क्रांतीला पुढचं नीट आठवत नाही. आपण महाराजांच्या पायावर पडलो होतो, आपलं कपाळ त्यांच्या अंगठ्याला लागलं होतं आणि आपण रडत होतो, एवढंच तिला आठवतं.

शाळेच्या शरयूबाई मागं उभ्या होत्या. सांगलीहून रोज यायच्या. बोलायच्या हळू, पण वर्गात कुणाला दोनदा सांगावं लागत नसे. निदान जुन्या खोलीत लागत नसे. त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, "महाराज, या वाकळा अशाच राहू द्याल का? मुलांना छान ऐकू येतंय."

महाराज हसले. "आवं बाई, ह्ये काय पडदं हायती व्हय? ह्येंच्यात आता सुलाबाईचा नाद बसलाय. कृष्णामाईत सोडायच्या."

संध्याकाळच्या आत टेम्पो वाकळांनी भरला. हिरवं इरकल इतर लुगड्यांच्या खाली जाताना क्रांतीनं पाहिलं. मग तिनं मनाशी म्हटलं, आई नदीत चालली आहे, नातीसाठी चालली आहे. ती असती तर तिनं स्वतःच दिली असती.

*

वाकळा गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी खोली पुन्हा बोलायला लागली; शिवांजलीची वही पुन्हा कोरी.

जोतीरामांनी महाराजांना फोन लावला. तिकडून निरोप आला की एका वाकळेत खोट होती. ज्या पोरीला गुण आला तिच्या घरच्या. निरोप गावभर व्हायला पाण्याच्या टाकीवरच्या दोन खेपा पुरल्या. क्रांती नळावर गेली की बाया हळूच सरकून उभ्या राहायच्या. कुणी तोंडावर बोललं नाही. अर्जुना म्हणून शेजारीण होती, ती एवढंच म्हणाली, "तुज्या आयच्या मनात काय ऱ्हायलं आसंल गं?" त्या एका वाक्यानं क्रांती तीन रात्री झोपली नाही.

महाराजांनी उपायही सांगितला होता. आईनं सोमवार निर्जळी धरायचा आणि पोरीच्या कानात सकाळ-संध्याकाळ त्यांनी दिलेल्या बाटलीतलं तेल.

क्रांतीला व्रताचं भय नव्हतं. देव्हाऱ्यातला दिवा तिनं लग्न होऊन आल्यापासून एक दिवस चुकवला नव्हता. ती पाणी न पिता उसातलं तण भांगलत राहायची आणि घरी आली की पोरीला मांडीवर आडवी करून बाटली उघडायची. शिवांजली डोळे घट्ट मिटायची. "आई, आत झोंबतंय."

"झोंबतंय म्हंजी गुण येतोय. जरा दम धर माजी बाय."

एका दुपारी शरयूबाई घरी आल्या. उंबऱ्याशी बसल्या, पाणी घेतलं, आणि त्यांची नजर कोनाड्यातल्या बाटलीवर गेली.

"क्रांती, कानात काही घालू नकोस. तिचा कान वाहतोय, मी वर्गात पाहिलं. सांगलीला दाखवू. मी येते बरोबर."

"बाई, तुमी तर सोळा सोमवार करता. तुमचा इस्वास न्हाई?"

"आहे ना. म्हणून तर सांगते. मी ज्याच्यासाठी उपास करते त्यानं मला आजवर कुणाच्या लेकराच्या कानात तेल घालायला सांगितलं नाही."

चुलीपाशी बसलेली मनुबाई मान न वळवता म्हणाली, "बाई, तुमची पोरं सांगलीच्या शाळंत. आमचं आमाला बघू द्या."

"आत्याबाई, मी भांडायला नाही आले," शरयूबाई म्हणाल्या. मग हळूच क्रांतीला, "घरात तिला हाक मारलीस तर ऐकते का?"

"ऐकती की. ह्ये तेल सुरू केल्यापासनं घरात येका हाकंला ओ देती."

"आणि तेल सुरू करायच्या आधी, घरात?"

क्रांतीनं उत्तर दिलं नाही. घरात पोर आधीही ऐकत होती. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, दांडीवर अंथरुणांचा ढीग. या घरात शिवांजली कधीच बहिरी नव्हती. हे क्रांतीला त्या क्षणी लख्ख दिसलं. दिसलं, आणि तिनं ते बाजूला सारलं. कारण ते खरं धरलं असतं तर आईची वाकळ, निर्जळी सोमवार, पायावर टेकलेलं कपाळ, सगळंच फुकट गेलं असतं.

"बघू," ती म्हणाली. "येवडा सोमवार हू द्या."

सोमवारच्या आधीच पोर तापली. उजव्या कानामागं लिंबाएवढी गाठ आली, कान पुढं ढकलल्यासारखा दिसू लागला, आणि ती मान वळवू शकेना. जोतीरामांनी त्यांची गाडी काढली. मनुबाई मागच्या सीटवर नातीचे पाय मांडीवर घेऊन जप करत होती, आणि मध्येच तिचा जप थांबायचा.

*

सांगलीच्या दवाखान्यातले डॉक्टर वयानं लहान होते. ऑपरेशन झाल्यावर बाहेर आले, मास्क खाली केला आणि क्रांतीच्या समोरच्या बाकावर बसले.

"जीवाला धोका टळला. कानाच्या पडद्याला आधीपासून भोक होतं. त्यातून तेल आत गेलं, पू साठला, मागचं हाड सडलं. ते काढावं लागलं."

"ऐकू येईल न्हवं?"

"उजव्या कानानं नाही. डावाही थोडा कमजोर आहे, त्याला मशीन लावू."

"आदी आणली आसती तर?"

डॉक्टरांनी क्षणभर हातातल्या टोपीकडं बघितलं. "तर पडदा बसवता आला असता," ते म्हणाले.

दोन दिवसांनी सूरजचा फोन आला. सीमेवर होता, रेंज आता मिळाली होती. शिवांजलीनं हात लांब करून फोन घेतला आणि सवयीनं उजव्या कानाला, पट्टीवरच, लावला. थोडा वेळ तशीच बसली. मग फोनकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि काही न विचारता तो डाव्या कानाला लावला. "बाबा," ती म्हणाली, "मी बरी हाय."

क्रांती उठून व्हरांड्यात गेली. तिथं शरयूबाई फळांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत, मी सांगितलं होतं असंही म्हणाल्या नाहीत. तेच क्रांतीला सोसेना.

"बाई, मी माज्या डोळ्यांनी बघितलं. पाठ करून बसली हुती. त्येनी हळू इचारलं, तिनं नाव सांगितलं. ते खोटं कसं म्हणू?"

"ते खोटं नव्हतंच," शरयूबाई म्हणाल्या. "ये इकडं."

वॉर्डातल्या एका मुलाचा रबरी चेंडू पडला होता. तो उचलून बाईंनी व्हरांड्याच्या फरशीवर सोडला. चेंडू टणटण उडत लांब गेला. मग त्यांनी तो आणून, कुणाच्या तरी अंथरुणाची घडी होती तिच्यावर सोडला. चेंडू तिथंच बसला.

"आवाजाचं असंच असतं. आपल्या नव्या खोलीला गावानं हौसेनं छतापर्यंत चकचकीत फरशी लावली. खाली फरशी, वर स्लॅब, काचेच्या खिडक्या. मऊ असं काहीच नाही. मी एक शब्द बोलते, तो भिंतीवर आपटतो, परत येतो, पुन्हा आपटतो. तोवर मी दुसरा शब्द बोललेली असते. दोन्ही एकमेकांवर पडतात. ज्याचे कान धड आहेत तो त्यातून कसाबसा वाट काढतो. शिवांजलीला नाही निघाली. सुलाबाईनं नाही धरले तिचे कान. त्या बिचारीनं तर जन्मभर सगळ्यांना जेवायलाच घातलं."

"आन वाकळा?"

"वाकळांनी आवाज गिळला. मंत्र नसता तरी गिळला असता. जुन्या खोलीत कौलं होती, मातीच्या भिंती होत्या, म्हणून तिथं ती पहिली यायची. त्या दिवशी तुझी पोर बरी झाली नव्हती, क्रांती. खोली बरी झाली होती."

क्रांतीनं घडीवरचा चेंडू उचलून हातात घेतला.

"म्हंजी वाकळा तशाच ऱ्हाऊ दिल्या आसत्या तर..."

शरयूबाई जवळ आल्या. तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात मनुबाई आतून बाहेर आली. तिच्या हातात फोन होता. कोरेगावच्या अलीकडच्या गावात दिलेल्या तिच्या भाचीनं, रेश्मानं, व्हिडिओ पाठवला होता. देवळाचा नवा सभामंडप, गुळगुळीत फरशीचा, घुमटाचा. गादीवर शब्दनाथ महाराज. गावच्या वाकळा कमी पडल्या म्हणून महाराजांनी स्वतःच्या लावल्या, असं रेश्मानं कौतुकानं लिहिलं होतं. महाराज सांगत होते, "ह्या हिमालयातल्या साध्वींच्या वाकळा. बर्फात बसून शिवलेल्या."

"ह्ये बघ," मनुबाई म्हणाली आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. साध्वींच्या वाकळांतली एक हिरव्या इरकलीची होती. कोपऱ्यात शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा होता.

क्रांतीला रडू येईल असं दोघींना वाटलं. ती रडली नाही. "माजी आय नदीत गेलीच न्हवती," ती म्हणाली. "ती गावोगाव टाळ्या जिरवत हिंडतीया."

*

पोरीचे टाके निघाल्यावर, कोरेगावकडच्या त्या गावात महाराजांच्या शांतिविधीचा शेवटचा दिवस होता. बोरबनच्या बाया दोन वडाप भरून गेल्या. जोतीराम पुढं बसले होते, शरयूबाई त्यांच्या मागं. नळावर बाजूला सरकणारी अर्जुना क्रांतीच्या शेजारी बसली, आणि सगळ्या वाटेत तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

मंडप भरलेला होता. वाकळांमुळे तिथंही तीच मऊ शांतता. महाराजांनी क्रांतीला ओळखलं. एखादा दुसरा असता तर कचरला असता. पण टाळ्यांची सवय झालेल्या माणसाला गर्दी दिसली की तोंड आवरत नाही.

"या, बोरबनच्या लेकी या," ते माईकवरून म्हणाले. "मायबाप, ही पोर बघा. ठार बहिरी हुती. हिला इचारा कुणी कान दिले. पोरी, नाव सांग तुजं."

शिवांजली त्यांच्याकडं पाठ करून उभी होती; डाव्या कानाचं मशीन अजून यायचं होतं. तिला भिंतीवर आजीची वाकळ दिसली होती आणि डावा कान तिच्यात दाबून ती निळ्या तुकड्यावरून बोट फिरवत होती.

"पोरी, नाव सांग."

मंडपात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पोर निळ्या तुकड्याकडंच बघत राहिली.

"लाजली," महाराजांचा एक माणूस म्हणाला.

"लाजली न्हाई," क्रांती म्हणाली. आवाज चढवायची गरजच नव्हती, त्या खोलीत सगळं ऐकू जात होतं. "तिला ऐकू येत न्हाई. तवा येत हुतं. तुमी दिल्यालं तेल मी माज्या हातानं घातलं, आन तिचा कान गेला. ती माजी पोर हाय, आन भिंतीवर हाय ती माज्या आयची वाकळ. हिमालयातली न्हवं. बोरबनची. त्यो निळा तुकडा माज्या सातवीच्या स्कर्टाचा हाय."

मग ती पुढं गेली आणि तिनं आईची वाकळ दोरीवरून ओढून काढली.

"वाकळंला हात लावू नगा," महाराज म्हणाले. "नाद खवळंल."

मनुबाईनं दिराच्या घरून गेलेली तिच्या सासूची वाकळ ओळखून काढली होती. "खवळू दे," ती म्हणाली. "आन काय वं महाराज, सुलाबाई हितं कशी आली? तिला कोरेगावची यष्टी घावली व्हय?"

कुणीतरी मागं फिसकन हसलं. तोवर अर्जुना उठली होती. बोरबनच्या बाया एकेक करून भिंतीपाशी जात होत्या, पदराचे काठ, ठिगळ, टाका बघत होत्या, आपलं माणूस ओळखून खाली घेत होत्या. कुणी घेतलेली वाकळ तोंडाशी धरून हुंगत होतं. त्या गावच्या बायाही उठल्या; न जाणो, आपलीही उद्या हिमालयात जायची.

भिंती उघड्या पडत गेल्या, तसा मंडप बदलत गेला. महाराज माईकवरून जोरात बोलायला लागले. जेवढा जोर लावला तेवढं वाईट झालं. नाद ब्रह्मावर पडला, ब्रह्म साधनेवर पडलं, घुमटात सगळ्याचा एकच गोळा झाला, आणि भिंतींवरची शेवटची वाकळ निघाली तेव्हा महाराजांचं तोंड हलताना दिसत होतं पण ते काय म्हणतात ते पुढच्या रांगेलाही कळत नव्हतं.

शिवांजलीला चौथीत काय ऐकू येत होतं, ते आज क्रांतीनं स्वतःच्या धड कानांनी ऐकलं. पोर रोज यात बसत होती. आणि आपण तिला विचारत होतो, लक्ष कुठं असतं गं तुझं.

शरयूबाईंनी टाळी वाजवली. मंडपानं ती तडतडत परत दिली.

"ही फरशी बोलतेय," त्या म्हणाल्या, पण तेही कुणाला नीट कळलं नाही. मग सगळे बाहेर लिंबाखाली आले, आणि तिथं बाईंनी चेंडूची गोष्ट पुन्हा सांगितली, जशी व्हरांड्यात सांगितली होती तशी. महाराज टेम्पोकडं निघाले होते, त्यांना जोतीरामांनी खांद्याला धरून थांबवलं. "बसा की. पोलीस येत्यात. कायदा हाय ह्येच्यावर, मलाच म्हाईत न्हवता."

मग बायांनी क्रांतीला पुढं ढकललं. तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तिनं वाकळ छातीशी धरली होती.

"मी देव मानती," ती म्हणाली. "सकाळचा दिवा मी कदी चुकवला न्हाई, उद्याबी चुकवणार न्हाई. पर डोळं मिटून हात जोडायचं ते देवापुढं. माणसापुढं डोळं उगडं ठेवा. कुणी काय करून दाकवलं तर इचारा, कसं केलंस. त्येच्या हातनं न्हवं, तुमच्या हातानं पुन्ना करून बघा. बाई इचारत हुत्या मला, आदी घरात ऐकत हुती का. मला उत्तर ठावं हुतं. मी दिलं न्हाई. तुमी द्या. आन लेकरू आजारी पडलं तर आदी डाक्टरकडं न्या, मग देवळात जावा. देव थांबतो. दुकनं थांबत न्हाई."

एवढंच बोलून ती खाली बसली.

वाकळा दुसऱ्या दिवशी बोरबनच्या शाळेत लागणार होत्या, मंत्र न म्हणता, आणि पुढच्या वर्षी जोतीराम छताला नीट काहीतरी बसवून घेणार होते. क्रांतीची वाकळ पहिल्या बाकाच्या मागं लागेल असं ठरलं. पण आजच्या दिवस ती तिच्याकडंच होती.

परतीच्या वडापमध्ये शिवांजली तीच वाकळ पांघरून आईच्या मांडीवर आडवी झाली. डावा कान खाली, मांडीत दाबलेला. वर होता तो उजवा, मागं टाक्यांची लाल रेघ असलेला. बाहेर उन्हं उसाच्या तुऱ्यांवर उतरली होती. क्रांती खाली वाकली आणि त्या उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागली. जे पोरीच्या तोंडाकडं बघून तिला या जन्मात बोलता येणार नव्हतं ते सगळं. बाटली कुठल्या कोनाड्यात होती तिथपासून.

थोड्या वेळानं शिवांजलीनं डोळे उघडले.

"आई, तुज्या पोटात काय तरी वाजतंय. तू बोलतीयास का?"

"न्हाई गं," क्रांती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हेही तिला ऐकू गेलेलं नाही. तिनं पोरीच्या गालावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली.